ताशी ९० ची परीक्षा, ताशी १२० चा रस्ता: ई-गाडीची रेंज ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली
आणि
ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय), पुणे

स. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात ब्याऐंशी वर्षांच्या आईला घेऊन मी छत्रपती संभाजीनगरहून नागपूरला निघाले. धाकट्या भावाच्या घरची वास्तुशांत होती. सोबत भाचा आणि त्याची बायको. गाडी विजेवरची, चाळीस युनिटच्या आसपास बॅटरी असलेली, आणि जाहिरातीत रेंजचा, म्हणजे एका चार्जिंगमध्ये जाण्याच्या अंतराचा, साडेचारशे किलोमीटरच्या वरचा आकडा मिरवणारी. नागपूर सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर. एका दमात जाईल असे मी धरले नव्हते. मी तीस वर्षे ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवले आहे, कागदावरचा आकडा आणि रस्ता यांत फरक असतो एवढे मला कळते. म्हणून वाटेत कारंजा लाडजवळ, म्हणजे साधारण अडीचशे किलोमीटरवर, चार्जिंग करायचे ठरवले. साडेचारशेतले अडीचशे. कुणीही याला सावध हिशेबच म्हटले असते.

समृद्धी महामार्ग मोकळा होता, बाहेर ऊन मी म्हणत होते, एसी चालू. ताशी ११० ने सव्वाशे किलोमीटर गेलो आणि मेहकर यायच्या आधीच पडद्यावरचा उरलेला आकडा कारंज्यापर्यंतच्या अंतरापेक्षा कमी झाला. पुढचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. डाव्या कडेच्या लेनमधून ताशी पासष्ट, एसी बंद, काचा खाली, आणि मागच्या सीटवर ओल्या पंच्याने तोंड पुसणारी आई. ती एका शब्दाने बोलली नाही. कारंज्याला पोचलो तेव्हा बॅटरीत आठ टक्के शिल्लक होते.

या प्रसंगाचा दोष मी तुमच्या दारात आणून टाकत नाही. वेग मी ठरवला होता, गाडी मी चालवत होते. पण घरी परतल्यावर वही उघडून बसले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. सुरुवातीपासून ताशी ८० धरले असते, तर एसी अखंड चालू ठेवूनही कारंज्याला पंधरा-अठरा टक्के शिल्लक राहिले असते. आईला घामाचा थेंब आला नसता. वेळही जवळपास तेवढाच लागला असता. हे मला निघण्याआधी कळू शकले असते, पण गाडीच्या कुठल्याही कागदावर ते छापलेले नव्हते. गाडीसोबत मिळतो तो एकच आकडा, आणि त्या आकड्यातून यातले काहीही काढता येत नाही. हे पत्र त्या एका आकड्याबद्दल आहे.

वहीचे सांगते. गाडी घेतल्यापासून प्रत्येक चार्जिंगची नोंद मी ठेवते: घराच्या स्वतंत्र मीटरवर किती युनिट पडले, गाडीने किती घेतले, किती किलोमीटर झाले, बाहेरचे तापमान, गाडीत माणसे किती, टायरमध्ये हवा किती. सत्तावीस महिने झाले. माझ्या गाडीपुरते हे आकडे पक्के आहेत. शहरात हिवाळ्यात शंभर किलोमीटरला अकरा युनिट. मे महिन्यात त्याच रस्त्यांवर चौदा. महामार्गावर ताशी ८० ला साडेबारा-तेरा, १०० ला सोळा, आणि ११० च्या पुढे एसीसह एकोणीस-वीस. जाहिरातीतली रेंज खरी व्हायची तर शंभर किलोमीटरला नऊ युनिटसुद्धा लागता कामा नयेत. माझ्या वहीत नऊच्या खालची नोंद एकच आहे: जानेवारीतली पहाट, बीड बायपास, एकटी मी, ताशी पंचेचाळीस.

म्हणजे तो आकडा खोटा नाही. तो त्या पहाटेचा आहे.

आता तुमच्या परीक्षेकडे येते. आपल्याकडे एमआयडीसी म्हटले की कारखान्यांची वसाहत डोळ्यांपुढे येते, पण गाड्यांच्या जगातली एमआयडीसी म्हणजे मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवत-कमी करत चालवतात. एक फेरी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांहून थोडी कमी. पहिल्या भागात १९५ सेकंदांचे चार शहरी तुकडे, कमाल वेग ५०. दुसऱ्या भागात ४०० सेकंद शहराबाहेरचे, कमाल वेग ९०. सगळ्याची सरासरी ताशी बत्तीसच्या आसपास. एसी बंद. खोलीतली हवा सुखद. ही पद्धत मुळात युरोपच्या जुन्या एनईडीसी चाचणीवरून घेतलेली, फक्त तिथला १२० चा कमाल वेग आपण ९० वर आणला. खुद्द युरोपने २०१७ पासून ती जुनी चाचणी मोडीत काढायला सुरुवात केली, कारण तिचे आकडे रस्त्यावर खरे उतरत नव्हते.

ज्या काळात आपले रस्ते ताशी साठ-सत्तरच्या पुढे जाऊच देत नव्हते, त्या काळी ९० चा कमाल वेग योग्यच होता. पण आज सरकारनेच बांधलेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची परवानगी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात १०० ची. आणि २०२५ च्या धोरणात महाराष्ट्र सरकारने याच रस्त्यांवर ई-मोटारींना टोल माफ केला. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण मग ज्या वेगाने जायची मुभा आणि निमंत्रण दोन्ही आहे, त्या वेगाला गाडी किती वीज खाते हे मोजून सांगायची जबाबदारीही येते ना?

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अकरावीच्या मुलांना मी हे फळ्यावर लिहून देत असे. ९० वरून १२० वर गेलात की वेग एक-तृतीयांशाने वाढला, पण तेवढ्याच किलोमीटरला हवा कापायला लागणारी ऊर्जा पावणेदोन पटीहून थोडी जास्त झाली. टायरच्या घर्षणात एवढी वाढ होत नाही, म्हणून एकूण वीज पावणेदोन पट होत नाही, पण माझ्या वहीतल्या साडेबारा आणि वीस या दोन आकड्यांमधले अंतर मुख्यतः याच वर्गाचे आहे. पेट्रोलच्या गाडीत हे चालकाला फारसे जाणवत नाही. तिचे इंजिन शहरात अडखळत चालताना इतके इंधन वाया घालवते की महामार्गावर तिचे ॲव्हरेज उलट सुधारते. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या डोक्यात बसलेय की हायवेला ॲव्हरेज चांगले पडते. विजेच्या गाडीत ते बरोबर उलटे आहे. शहरात ब्रेक लावला की काही ऊर्जा परत बॅटरीत येते, महामार्गावर ब्रेक क्वचितच लागतो, बहुतेक ऊर्जा वाऱ्याला जाते. ही जुनी समजूत मोडायला एकच आकडा कधीच पुरणार नाही.

एसीचे गणितही लोकांना कुणी समजावून सांगत नाही. एसी किलोमीटरवर चालत नाही, तासांवर चालतो. कडक उन्हात तो तासाला साधारण दीड युनिट घेतो असे धरा. शहराच्या गर्दीत ताशी वीसने शंभर किलोमीटर व्हायला पाच तास लागतात, म्हणजे साडेसात युनिट नुसत्या एसीला. तेच शंभर किलोमीटर महामार्गावर तासाभरात झाले तर दीडच युनिट. म्हणून पुण्या-मुंबईच्या कोंडीत मे महिन्यात एसी रेंज खातो, आणि समृद्धीवर खातो तो वेग. मी त्या दिवशी ताशी ११० ने जाताना वेगाकडे पाहायला हवे होते, आणि आधी हात गेला तो एसीच्या बटणाकडे. बहुतेकांचा तिकडेच जातो. विदर्भात पारा पंचेचाळीसला टेकतो, मराठवाडा फार मागे नसतो. अशा ठिकाणी एसी बंद ठेवून काढलेला रेंजचा आकडा कुणाच्या उपयोगाचा?

घाटाचे तर कुठेच नाव नाही. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर वर जाते. चार माणसांसह दोन टन वजन धरले तर नुसते ते वजन उचलायलाच तीन युनिट लागतात, आणि मोटरमधली गळती धरून साडेतीन. हे बॅटरीच्या अकराव्या-बाराव्या हिश्शाएवढे झाले, आणि अंतर मात्र पंधरा-वीस किलोमीटरचे. उतरताना त्यातले बरेचसे परत मिळते, सगळे नाही. वर राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी अशी आहे: बॅटरी काठोकाठ भरून घाट उतरायला लागलात तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते, मग ती परत येतच नाही आणि ब्रेक तापतात. लोणावळा, महाबळेश्वर, आंबोली इथल्या लोकांनी नव्वद टक्क्यांच्या आत भरून निघावे. गाडी देताना हे विक्रेत्याने सांगायला हवे. मला सांगितले गेले ते एवढेच: “मॅडम, साडेचारशे आरामात.”

बदल होतच नाहीत असे मी म्हणत नाही. २०२४ पर्यंत ई-मोटारींची रेंज बहुधा चाचणीच्या पहिल्या, ताशी ५० च्या भागावरच जाहीर होत असे. आता दोन्ही भाग मिळून सांगावी लागते. त्याने काय फरक पडला याचे उदाहरण टाटांच्या कर्व्ह ईव्हीचे घ्या. ५५ युनिटची तीच बॅटरी: पहिल्या भागावर ५८५ किलोमीटर, दोन्ही भागांवर ५०२, आणि कंपनीनेच ‘सी-७५’ या नावाने दिलेला, प्रत्यक्ष रस्त्यावरचा अंदाज ४०० ते ४२५. सी-७५ म्हणजे निदान पंचाहत्तर टक्के ग्राहकांना मिळेल अशी रेंज. कंपनीने हा आकडा स्वतःहून दिला याबद्दल तिला मोकळेपणाने दाद द्यायला हवी. पण एकाच बॅटरीचे तीन आकडे, त्यांतला सर्वांत कामाचा आकडा ऐच्छिक, आणि कंपनीगणिक त्याची व्याख्या निराळी, हे ग्राहकाने कसे निस्तरायचे? दोन कंपन्यांच्या गाड्या शेजारी ठेवून तुलना करायची तर मापही सारखे हवे, आणि सारखे माप तुमच्याशिवाय कुणी देऊ शकत नाही.

युरोपची आजची डब्ल्यूएलटीपी चाचणी १८०० सेकंदांची आहे, कमाल वेग १३१. आपणही तिच्याकडे वळावे अशी चर्चा आहे आणि तसे झाले तर उत्तमच. मात्र तीही एसी बंद ठेवून आणि २३ अंशांना घेतली जाते. नागपूरच्या मे महिन्याला तिच्यात जागा नाही. अमेरिकेतली पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते. तिथे ३५ अंशांना एसी चालू ठेवून एक चाचणी आहे, उणे सातला एक आहे, आणि या जादा चाचण्या न करणाऱ्या कंपनीला प्रयोगशाळेतली रेंज साधारण ०.७ ने गुणूनच स्टिकरवर लावावी लागते. शिवाय तिथल्या स्टिकरवर शंभर मैलांना किती युनिट हेही छापतात, आणि ते भिंतीतल्या प्लगपासून मोजलेले असते. नॉर्वेत तर तिथली मोटार संघटना उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात दोनदा, बाजारातल्या गाड्या खऱ्या रस्त्यावर बॅटरी संपून उभ्या राहीपर्यंत चालवते आणि प्रत्येकीचा निकाल जाहीर करते.

भिंतीपासून मोजण्याला मी का महत्त्व देते? माझ्या मीटरवर शंभर युनिट पडतात तेव्हा बॅटरीत सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी पोचतात. उरलेली वीज चार्जरच्या आणि बॅटरीच्या उष्णतेत जाते. बिल मात्र शंभरचे येते. गाडीच्या पडद्यावर दिसणारा खर्च आणि वीजबिलातला खर्च यांतला हा फरक कुठल्याही जाहिरातीत दिसत नाही.

आता मागणे. तुमच्याकडे वीजवापर मोजायचे मानक आहे, एआयएस-०३९. रेंज मोजायचे आहे, एआयएस-०४०. म्हणजे मापे तुमच्या हाताशी आधीच आहेत, पण जाहिरातीत पोचतो तो मात्र रेंजचाच निकाल. माझी पहिली विनंती अशी की रेंजच्या आधी, तिच्याहून मोठ्या अक्षरांत, शंभर किलोमीटरला किती युनिट हे छापणे सक्तीचे करा, भिंतीपासून मोजून. आपल्या लोकांना हे नवीन नाही. घरोघरच्या फ्रिजवर तारे आणि वर्षाला किती युनिट हे छापलेले असते आणि दुकानात उभ्या असलेल्या गृहिणी ते वाचून दोन फ्रिजमधून एक निवडतात. फ्रिजपेक्षा पन्नास पट महाग वस्तूवर तेवढेही नसावे? रेंज वाढवायला बॅटरी मोठी केली की झाले. युनिट कमी करायला गाडी चांगली बांधावी लागते. हा आकडा पुढे आला तर कंपन्यांची चढाओढही योग्य गोष्टीत लागेल.

दुसरी विनंती वेगाची. सरासरीच्या फेऱ्या राहू द्यात, त्यांचा उपयोग आहे. पण त्यांच्या जोडीने ताशी ६०, ८०, १०० आणि १२० या चार स्थिर वेगांना, चाळीस अंशांच्या वर आणि एसी चालू ठेवून, प्रत्येक गाडी किती वीज घेते याचा छोटा तक्ता द्या. चारच ओळी. गाडीच्या पुस्तिकेत आणि शोरूममधल्या काचेवर. त्या चार ओळी माझ्याजवळ असत्या तर त्या दिवशी आईची तशी दशा झाली नसती.

आणि महामार्गावरची रेंज शंभर ते शून्य अशी सांगू नका. लांबच्या वाटेवर कुणी शून्याला जात नाही आणि फास्ट चार्जरवर कुणी शंभर टक्क्यांपर्यंत थांबत नाही, कारण ऐंशीनंतर चार्जिंग मंदावते आणि मागे दुसरा ताटकळत असतो. ऐंशीवरून दहावर, हीच खरी दोन चार्जरमधली झेप. माझ्या चाळीस युनिटांपैकी अठ्ठावीस. ताशी १०० ला त्यात पावणेदोनशे किलोमीटर होतात. कागदावरचे साडेचारशे आणि वाटेतले पावणेदोनशे: महामार्गावर चार्जर किती अंतराने लावायचे हे ठरवणाऱ्यांनी यातला कुठला आकडा समोर ठेवला आहे, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. बॅटरी पाच-सात वर्षांची झाल्यावर हे अंतर आणखी आखडेल, तेही धरायला हवे.

एआरएआयला वेगळे सांगायचे आहे. १९६६ पासून तुम्ही पुण्यात आहात. वेताळ टेकडीवरच्या तुमच्या फाटकापासून खंडाळ्याचा घाट तास-दीड तासावर आहे. वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैच्या पावसात, बाजारातल्या ई-मोटारी रांगेने मुंबई-पुणे मार्गावर आणि समृद्धीवर न्या, भरल्या गाडीने, कायद्याने परवानगी असलेल्या वेगाने, आणि निकाल सगळ्यांसाठी खुला करा. ओल्या रस्त्यावर टायर पाणी ढकलत जातो तेव्हा वीज किती वाढते हे माझ्या वहीत आहे, पण ती एकाच गाडीची वही आहे. तुमच्याकडे माणसे आहेत, उपकरणे आहेत आणि देशाचा विश्वास आहे. शिकवण्यात तीस वर्षे गेलेल्या बाईला असे वाटते की मोजमाप करणाऱ्या संस्थेसाठी यापेक्षा चांगले काम क्वचितच असेल.

विजेच्या गाडीवर माझा राग नाही. पेट्रोलला लागायचा त्याच्या चौथ्या हिश्शात माझा खर्च भागतो, गाडी आवाज करत नाही, आमच्या गल्लीत धूर सोडत नाही. मी पुन्हा हीच घेईन. आमच्या कॉलनीतले पाच-सहा जण मला विचारतात, “बाई, घ्यावी का?” मी त्यांना वही दाखवते. त्यांतल्या तिघांनी घेतली. दोघांनी वही पाहूनच घेतली नाही, कारण त्यांचे दर आठवड्याला नांदेडला जाणे असते आणि वाटेतले चार्जर त्यांच्या वेळेशी जमत नव्हते. माझ्या मते दोघांचे निर्णय बरोबर होते. जाहिरातीतला आकडा पाहून घेतली असती तर ते आज सगळीकडे ई-गाडीच्या नावाने ओरडत फिरले असते.

पेट्रोलच्या गाडीचे ॲव्हरेज कमी पडले तर पंपावर दोनशे रुपये जास्त जातात. ई-गाडीचे कमी पडले तर माणूस कुटुंबासह रस्त्यात उभा राहतो. म्हणून इथे मापाची चूक जास्त महाग आहे.

दिवाळीत आईला परत नागपूरला जायचे आहे. भावाने या वेळी रेल्वेने यायला सांगितले होते. आई म्हणाली, “नको, गाडीनेच जाऊ, फक्त हळू चालव.” ताशी ८०, एसी चालू, कारंज्याला चहा. वहीत हिशेब मांडून ठेवला आहे. तुमच्यापैकी कुणाला वही पाहायची असेल तर तिची नक्कल मी आनंदाने पाठवीन. सत्तावीस महिन्यांच्या सगळ्या नोंदी, खाडाखोडीसकट.

आपली,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका
छत्रपती संभाजीनगर